गाडीला ‘हो’ म्हटलं

कुंडलिकने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक चालणं आणि दुसरी, जे दिसलं ते लिहून ठेवणं. तानसाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या पाइपलाइनच्या एका तुकड्यावर तो एकतीस वर्षं पहारेकरी होता. सकाळी एका चौकीतून निघायचं, पाइपाच्या कडेकडेने पुढच्या चौकीपर्यंत जायचं, कुठे गळतंय, कुठे खालची माती सरकलीय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. बाकीचे पहारेकरी चौकीत बसून तंबाखू मळत ‘सर्व ठीक’ लिहीत. कुंडलिक लिही, ‘चौथ्या सांध्याजवळ थेंब, मिनिटाला बावीस.’ साहेब लोक आधी हसले. मग एकदा तो सांधा खरंच उसवला, तेव्हा हसायचे थांबले.

निवृत्त होऊन तो गावी आला. सापगाव सोडून मुरबाडकडे जाताना डाव्या हाताला त्याचं गाव लागतं. या रस्त्यावर अपघात काही थोडेथोडके होत नाहीत, आणि अपघात झाला की पंचनामा आला आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. पोलिसांची गाडी दिसली की आपल्याकडे माणसं कशी वाऱ्यासारखी पांगतात ते काही नव्याने सांगायला नको. कुंडलिक मात्र पांगायचा नाही. चपला घालून यायचा, ब्रेकच्या खुणेपासून गटारापर्यंत पावलं टाकायचा, हवालदाराने लिहिलेलं दोनदा वाचायचा आणि पटलं तरच सही करायचा. न पटलेल्या दोन कागदांवर त्याने सही केली नाही, म्हणून एका हवालदाराने वर्षभर त्याच्याकडे बघणं सोडलं होतं.

शहापूरच्या कोर्टात एकदा वकिलाने त्याला खिंडीत गाठलं. पंचनाम्यात लिहिलेली अकरा पावलं म्हणजे नक्की किती, म्हणाला. कुंडलिकने सांगितलं, “माझा पाऊल सव्वादोन फुटाचा हाय. टेप आणा, चालून दाखवतो.” टेप आली. तो कोर्टाच्या फरशीवर अकरा पावलं चालला आणि एक बोटसुद्धा फरक पडला नाही. वकील खाली बसला. तेव्हापासून पंचक्रोशीत एक बोलणं पडलं, कुंडलिकने सही केली म्हणजे झालं. दोन भावांचा बांधावरून तंटा असो की कुणाची कोंबडी कुणी मारल्याचा, “कुंडलिकदादाला इचारा” इथे येऊन तो मिटायचा. त्यालाही हे मनातून आवडायचं. आवडत नाही असं तो कधी म्हणालाही नाही, कारण ते खोटं झालं असतं.

तर अशा या माणसाने गेल्या मार्गशीर्षात स्वतःच्या मुलाची गाडी स्वतःच्याच खळ्यावरच्या तिवड्यावर घातली.

गाडी शेखरची. शेखर पडघ्याजवळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. कर्ज काढून त्याने चार वर्षं वापरलेली पांढरी गाडी घेतली आणि हौसेने बापालाही शिकवली. एकसष्टाव्या वर्षी कुंडलिकला लायसन मिळालं. तो गाडी चालवायचा तीही चालल्यासारखीच, कडेकडेने आणि मोजून. गावातली पोरं म्हणत, दादाच्या गाडीमागे लागण्यापेक्षा उतरून पायी गेलेलं बरं.

आणि उडीद कुंडलिकचा. म्हणजे खरं तर त्याच्या बायकोचा, सकुबाईचा. डोंगरउताराच्या हलक्या, वरकस जमिनीवर तिने दरवर्षीप्रमाणे उडीद केला होता, तो काढून खळ्यावर पसरून वाळवला होता. पूर्वी मळणीला बैल असत. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या लाकडी खांबाला, तिवड्याला, दावं बांधायचं आणि त्याच्याभोवती बैल फिरवायचे. तीन वर्षांपूर्वी बैल विकले. तिवडा मात्र तसाच राहिला, कारण खळ्यावरचा तिवडा कुणी उपटत नाही. वर्षातून एकदा त्याला हळदकुंकू लागतं. काळूराम ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणाला होता गुरुवारी. कुठल्या गुरुवारी ते त्याने सांगितलं नव्हतं. तीन गुरुवार गेले, आभाळ भरून यायला लागलं, आणि सकुबाईची नजर अंगणातल्या गाडीवर गेली.

“चार चाकां तर हायती हिला पन,” ती म्हणाली.

“ती शेखरची हाय.”

“उडीद कोनाचा हाय मंग? तो पन शेखरच खानार.”

कुंडलिकने गाडी खळ्यावर घेतली आणि हळूहळू फेरे धरले. पहिले दहा-बारा फेरे झकास झाले. शेंगा तडतडत फुटत होत्या, सकुबाई कडेने काठीने पाला परतत होती. मग बैलांना जसं आत आत घेतात तसं त्याने गाडीला आत घेतलं. तिवडा जवळ आला. आणि लहानपणापासून दर मळणीला बैलांमागे फिरलेल्या माणसाच्या तोंडून आपसूक निघालं, “हो, हो, होऽ.”

बैल असते तर थांबले असते. जीभ आपलं काम करून मोकळी झाली होती, त्यामुळे पायाला वाटलं झालं, आता आपल्याला काही करायचं नाही. तो जिथे होता तिथेच दाबलेला राहिला, आणि तो ब्रेकवर नव्हता. बॉनेटचा मधला भाग तिवड्यावर दुमडला, रेडिएटर फुटला, हिरवं पाणी खळ्यावर वाहायला लागलं. सकुबाईने आधी उडीद बाजूला ओढला आणि मग नवऱ्याला लागलं का ते विचारलं. लागलं नव्हतं. तिवडा जरासा कलला होता, एवढंच. गाडी दोघा-चौघांनी ढकलून अंगणात आणली आणि उरलेला उडीद सकुबाईने दांडक्याने झोडून काढला. दाणा बाकी चांगला निघाला.

शेखर संध्याकाळी कामावरून आला. गाडीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि आंघोळीला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं, असं कुंडलिकला वाटलं. बाहेर येऊन त्याने साईनाथला फोन लावला. साईनाथ नात्यातला, शहापूरला विम्याची कामं करतो, दिवसभर गाड्या आणि फायलींमध्ये असतो. दुसऱ्या दिवशी तो आला, मोबाइलवर चार फोटो काढले आणि खाटेवर बसला.

“सेहेचाळीस हजाराच्या खाली गॅरेजवाला हात नाय लावनार,” तो म्हणाला. “क्लेम टाकू. एकदम सिंपल आहे. फक्त खळ्याचं नाव काढू नका. गाडी घरच्या वापराची आहे, मळणीला फिरवली म्हटलं की फाइल तिथंच बंद. आपण लिहू, मुरबाड रोडला अचानक म्हैस आडवी आली.”

“कोनाची?” कुंडलिकने विचारलं.

“काय कोनाची?”

“म्हस कोनाची?”

साईनाथने शेखरकडे बघितलं. “काका, कोनाची पन. रस्त्यावरची.”

“रस्त्यावरची म्हस नसते रे. कुत्रा असतो रस्त्यावरचा. म्हस कोनाची तरी असते. आन आपल्या रस्त्याला म्हस आली म्हंजे ती वाळूकडंचीच.”

हे खरं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला वाळू गावातल्या सगळ्या म्हशी राखतो. तेवीस म्हशी, दर घरामागे वर्षाला ठरलेला भात. नाक्यापासून ओढ्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर त्याच्याशिवाय दुसरं कुणी गुरं नेत नाही. साईनाथ म्हणाला, फॉर्मवर मालकाचं नाव लागतच नाही, कंपनी म्हशीला शोधायला येत नाही. कुंडलिक म्हणाला, मला खोटं लिहिता येत नाही. साईनाथ म्हणाला, लिहायचं नाहीच, ते मी लिहितो, गाडी तुमच्या हातात होती म्हणून तुमची फक्त सही लागते.

चार दिवस घरात हा विषय चालला. चालला म्हणजे कुणी बोलत नव्हतं. शेखर सकाळी मोटारसायकलवाल्यांकडे लिफ्ट मागत आसनगावला आणि तिथून पुढे कामावर जायचा आणि अंगणातल्या गाडीला वळसा घालून घरात शिरायचा. सकुबाईचं म्हणणं सोपं होतं: म्हैस काही कोर्टात येऊन नाही म्हणणार नाही. पाचव्या दिवशी जेवताना शेखरने ताटातून मान वर न करता म्हटलं, “एवढ्या लोकांसाठी सह्या केल्या, बाबा. कोन कुठला ट्रकवाला, कोन कुठला मेलेला. माझ्यासाठी एक करा.”

मुलाने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणी बाप महिनोन्महिने चौकीवर, घरी आला तरी वहीत डोकं. कुंडलिकने हात धुतले, फॉर्म मागवला आणि सही केली. पंचनाम्यावर करतो तशीच, नावाखाली एक रेघ ओढून. गंमत अशी की त्या रात्री त्याला छान झोप लागली. आपण एवढी वर्षं उगाच जड समजत होतो, हे तर चिंचोक्याएवढं काम आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

आता यात शेखरने एक जास्तीचं शहाणपण केलं. नाक्यावर त्याला वाळू भेटला. विम्याच्या मॅडम येणार आहेत, वाटेत कुणाला काही विचारलंच तर घोळ नको, म्हणून तो वाळूला म्हणाला, “तुझ्या राखनीतली म्हस बाबांच्या गाडीला आडवी आलेली. कोनी इचारला तर सांग तसा.”

“कधी?” वाळूने विचारलं.

“गेल्या सोमवारी. बाबांनी लिहून दिलंय.”

वाळूने पुढे काही विचारलं नाही. शेखरला वाटलं, समजला.

दोन दिवसांनी सोनाली मॅडम आल्या. कल्याणच्या, तिशीच्या, स्कूटरवरून हेल्मेट घालून एकट्याच आल्या होत्या. विमा कंपनीकडून नुकसान बघणाऱ्या. शेखरने सुट्टी काढली होती, साईनाथही हजर होता. मॅडमनी बॉनेट उघडायचा प्रयत्न केला, ते उघडलं नाही, मग त्यांनी पट्टीने माप घेतलं आणि जरा वेळ त्या खळगीकडे बघत राहिल्या. म्हशीमुळे पडलेला पोचा एवढा अरुंद कसा, असं त्या विचारणारच होत्या. तेवढ्यात फाटकातून वाळू आत आला. एका हातात दावं, दाव्याला म्हैस आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

“रामराम दादा,” तो म्हणाला. “हीच आसल.”

साईनाथने शेखरकडे बघितलं, शेखरने म्हशीकडे.

“तेवीसच्या तेवीस तपासल्या,” वाळू सांगू लागला. “दोन दिस लागला. डोबीत उतरवून धुतल्या, आंगावरना हात फिरवला एकेकीच्या. कुनालाच काय नाय. मंग ही घावली. बगा, मागच्या मांडीला खरचाटला हाय.” त्याने म्हैस वळवून दाखवली. मांडीवर खरंच वीतभर ओरखडा होता. “सोमवारी दुपारचा माझा जरा डोला लागला व्हता करंजाखाली. तवाच गेली आसल रस्त्याव. माझी चुकी हाय दादा. तुमाला लागला तं नाय?” आणि त्याने फडकं सकुबाईच्या हातात दिलं. त्यात करांद्याचे कंद होते, आदल्या दिवशी रानातून खणून आणलेले, माती झटकलेले.

साईनाथचा चेहरा उजळला. मॅडमनी मोबाइल काढला आणि म्हशीचा फोटो घेतला. पोच्याबद्दलचा प्रश्न त्यांनी गिळून टाकला. जनावर समोर, राखणारा समोर, वर स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. यापेक्षा जास्त कुठल्या फाइलला काय हवं असतं. शेखर खाली बघत होता. त्याला हे असं नको होतं, हे मान्य करायला हवं.

कुंडलिक म्हशीजवळ गेला. सवयीने त्याने ओरखडा बघितला. महिन्याभराचा तरी जुना होता, खपली पडून नुसता वण राहिलेला; कुंपणाच्या तारेचा. वाळूला हे कळत नव्हतं असं नाही. जन्म गेला त्याचा गुरांत. पण कुंडलिकदादाने लिहून दिलंय म्हटल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं होतं आणि स्वतःला दुपारी झोपवलं होतं. आणि उद्या गावात ही गोष्ट फिरली असती, वाळू झोपला आणि म्हैस गाडीखाली गेली, की पुढच्या वर्षी चार घरांनी तरी आपल्या म्हशी त्याच्याकडून काढून घेतल्या असत्या. कुंडलिकला लाज वाटली. इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“मॅडम,” तो म्हणाला, “म्हशीचा काय संबंध नाय. गाडी मी खळ्यावर फिरवीत व्हतो. उडदाची मळणी करीत व्हतो. तिवड्याला धडकली.”

“काका,” साईनाथ म्हणाला.

“गाडीला मी हो हो बोललो. बैलाला बोलतात तसा. ब्रेक नाय दाबला.”

सोनाली मॅडमनी आधी साईनाथकडे बघितलं, मग वाळूकडे. “आजोबा, नीट आठवून सांगा. हे आत्ता कशाला सांगताय? कुणाला वाचवताय का?”

“चला,” कुंडलिक म्हणाला आणि चपला घालून चालू लागला. खळ्यावर गेल्यावर त्याने मॅडमना कललेला तिवडा दाखवला, त्यावरचा पांढरा रंग दाखवला, पट्टी मागून घेऊन तिवड्याची जाडी मोजून दाखवली. मग गाडी कुठून आत वळली तिथे उभा राहिला आणि तिवड्यापर्यंत पावलं टाकली. “चार. म्हंजे नऊ फूट. लिहा.” त्याने आजवर डझनभर पंचनामे केले असतील, पण इतका चोख एकही झाला नव्हता.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी खोटं लिहून दिल्याबद्दल काही बडबड केली नाही. क्लेम मागे घेतल्याचा दोन ओळींचा अर्ज शेखरकडून लिहून घेतला आणि जाताना सकुबाईकडून पाव किलो उडीदही घेतला. साईनाथ त्यांच्यामागोमाग निघाला, चहाला थांबला नाही. शेखर बापाला म्हणाला, “बोलाचं व्हतं तर सहीच्या आधी बोलाचं.” यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढे गाडी दुरुस्त झाली, निम्मे पैसे कुंडलिकने पेन्शनमधून दिले, आणि बापलेक परत बोलायला लागले, आधी जेवढं बोलत तेवढंच.

वाळू मात्र तिथेच म्हशीचं दावं धरून उभा होता. सगळे गेल्यावर तो जवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“दादा, माझ्यापायी पोराचा पैसा घालवलात,” तो म्हणाला. “माझ्यापायी खोटा बोललात.”

“मी आता खोटा नाय बोललो, वाळू. आधी बोललो तो खोटा व्हता. म्हस नव्हती रे.”

“बरां,” वाळू म्हणाला, लहान पोराची समजूत काढावी तसा. “नव्हती तं नव्हती.”

वाडीत त्याने ती हकिकत सांगितली, वाडीतून ती सापगावच्या नाक्यावर पोचली. कुंडलिकदादाने गरिबाची राखण जाऊ नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, तेसुद्धा विमा कंपनीच्या मॅडमच्या तोंडावर, सेहेचाळीस हजारांवर पाणी सोडून. नाक्यावरचे म्हातारे त्याला बघून बाकावर जागा करू लागले. कुंडलिकने दोघा-तिघांना खरं काय ते सांगून बघितलं. एकाला तर हाताला धरून खळ्यावर नेऊन तिवडा दाखवला. तो माणूस पांढऱ्या रंगावरून बोट फिरवत म्हणाला, “ता सगला खरा. पन तुमच्यासारका मानूस गाडीला हो हो बोलंल, ह्या कोन मानील?” खरं बोलून विश्वास न बसण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि त्याला तो सहन होत नव्हता.

वाळू आता म्हशी रस्त्याने आणत नाही. ओढ्याच्या अंगाने, करवंदीच्या जाळीतून नेतो. अर्धा तास जास्त लागतो, त्याचे पाय काट्यांनी फाटलेले असतात. एका सकाळी कुंडलिक मुद्दाम ओढ्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “वाळू, रस्त्यानं ने रे म्हशी. ऐक माझा.”

“नको दादा,” वाळू म्हणाला. “परत तुमच्याव खोटा बोलाची पाली नको.”